बुडण्याची तालीम

४ सप्टेंबर

नव्या शाळेत आज पहिला दिवस आणि पहिल्याच दिवशी नवं नाव मिळालं. झुंबर. नावं ठेवायचीच तर अशी ठेवावीत!

शाळेत पांढरा शर्ट सक्तीचा आहे, पण त्यावर काय घालायचं याबद्दल नियम नाही. हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. त्यामुळे वर मोरपंखी मखमलीचं जाकीट घातलं. आई पडदे शिवते. एका हॉटेलच्या पडद्यांतून उरलेलं कापड माझ्या वाट्याला आलं आणि सुट्टीभर बसून मी त्याचं जाकीट केलं. कडेनं सोनेरी गोंडे लावले, तेही पडद्यांचेच. चाललो की सगळे एकदम हलतात.

निघताना बाबा म्हणाले, "शाळेत चाललायस का सर्कशीत?"

आई तोंडात टाचण्या धरून म्हणाली, "जाऊ द्या हो. खांद्यात नीट बसलंय की नाही ते बघा." बाबांना खांद्यातलं काय कळणार? ते लिफ्ट दुरुस्त करतात.

वर्गात शिरलो आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "हे झुंबर कुणी टांगलं रे इथे?" हा पोहण्याच्या संघाचा कॅप्टन. पूर्ण वर्ग आधी त्याच्या तोंडाकडे बघतो आणि मग हसायचं की नाही ते ठरवतो. मी कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "टांगलंयत तर दिवे तरी लावा!" त्यावर कॅप्टन हसला, मग सगळेच हसले. पहिल्याच दिवशी हशा घेतला की नाही? उगाच आठ दिवस घाबरत होतो.

९ सप्टेंबर

या शाळेला स्वतःचा पोहण्याचा तलाव आहे आणि एक भलताच दंडकही. नववीतल्या प्रत्येकानं जीव वाचवण्याची परीक्षा द्यायची. जोड्या पाडतात. एकानं बुडायचं, दुसऱ्यानं वाचवायचं, मग अदलाबदल. नापास झालं तर पुढच्या वर्षी धाकट्या वर्गाबरोबर पुन्हा. जोडीतला एक नसला तर दुसऱ्याचीही परीक्षा बुडाली.

शिकवतात ते शिट्टी सर. शिट्टी तोंडातून काढतच नाहीत, तिच्या बाजूनं बोलतात. त्यांनी वाण्याच्या दुकानात असतो तसला लोखंडी काटा तलावाच्या काठावर आणवला आणि सगळ्यांना त्यावर उभं केलं. जोड्या वजनावर! वाचवणारा आणि बुडणारा सारख्याच वजनाचे हवेत, म्हणजे कुणाला सवलत नाही. माझ्या वजनाचं पूर्ण वर्गात एकच माणूस निघालं, वीट.

तिला वीट म्हणतात कारण सर तळाशी रबरी वीट टाकतात आणि ती दरवेळी एका दमात काढून आणते. शिवाय ती विटेइतकीच बोलते. तिला शाळेच्या जीवरक्षक पथकात जायचंय, त्यासाठी ही परीक्षा पास व्हावी लागते. एवढी माहितीसुद्धा दुसऱ्यांकडून मिळाली.

सर म्हणाले, "झुंबर, तू बूड." मग काय, मी बुडलो! हात वर फेकले, गटांगळ्या खाल्ल्या, "आई गं, माझं जाकीट कुणाला देऊ नकोस!" असं ओरडलो, एकदा खाली जाऊन वर आलो आणि पुन्हा निरोपाचं भाषण सुरू केलं. काठावरचे लोक हसून लोळत होते. सरांची शिट्टी तोंडातून पडली. विटेनं हनुवटीखाली हात घातला आणि पोतं ओढावं तसं मला काठाला आणलं. "पाय कमी मार," एवढंच म्हणाली.

१६ सप्टेंबर

माझं बुडणं आता गाजतंय. जिथं जाईन तिथं फर्माईश, "झुंबर, बूड ना!" मधल्या सुट्टीत बुडतो, व्हरांड्यात बुडतो, काल ग्रंथालयाच्या दारात बुडलो. खरं वाटावं म्हणून कॅप्टनच्या मित्रांनी आज बाटलीभर पाणी डोक्यावर ओतलं. दुपारभर शर्ट ओला. नाटकवाल्याला प्रेक्षकांसाठी थोडं सोसावं लागतंच.

वीट आली, स्वतःचा टॉवेल माझ्या बाकावर ठेवला आणि निघून गेली. टॉवेलही ओलसरच होता. हिला विनोद म्हणून कळत नाही. सगळे हसतात तेव्हा ही माझ्याकडे बघत राहते, जणू मी गणित आहे आणि उत्तर चुकलंय. अशी जोडीदारीण पदरात पडली म्हणजे माझं नशीबच.

२२ सप्टेंबर

पोहून आलो तर जाकिटाचे गोंडे गायब. सगळे. मोरीत सापडले, चार-पाच तरी. कॅप्टन म्हणाला, "झुंबरावर जळमटं फार झाली होती, साफ केलं." मीही हसलो. रागावलं की लोकांना आणखी चेव येतो.

घरी सांगितलं की लिफ्टच्या दारात अडकलं. बाबांनी जाकीट हातात घेतलं, दिव्याखाली धरलं, तुटलेल्या दोऱ्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "कुठल्या लिफ्टच्या?" मी म्हटलं, शाळेतल्या. ते "बरं" म्हणाले आणि जाकीट घडी करून ठेवलं. वाचलो.

२५ सप्टेंबर

बाबा हल्ली मला शाळेपर्यंत सोडतात. म्हणतात, तिकडंच एक लिफ्ट बिघडलीय. शाळेच्या आसपास तर सगळी बैठी घरं आहेत, आणि शाळाही एकमजली. कुठली लिफ्ट आहे कोण जाणे. सुटल्यावरही फाटकासमोर उभे असतात, हातात हत्यारांची पिशवी. कॅप्टन वगैरे गेल्याशिवाय हलत नाहीत.

आज वाटेत म्हणाले, "काही दिवस जरा साधा राहा."

"साधा म्हणजे?"

"म्हणजे चारचौघांसारखा. आवाज थोडा कमी. कपडे... तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

"तुम्हाला माझी लाज वाटते, हे सरळ सांगा ना."

त्यांनी नुसतीच पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बोलले असते तर मला इतका राग आला नसता. घरी येऊन मी आईच्या मशीनवर बसलो आणि जाकिटाला गोंड्यांच्या जागी लाल झालर लावली. चारचौघांसारखा म्हणे!

३० सप्टेंबर

पोहून बाहेर आलो तर कपडे नव्हते. शर्ट, पँट, जाकीट, सगळंच. खोलीत कुणी नव्हतं. बराच वेळ बसलो, मग थंडी वाजायला लागली. शेवटी न्हाणीचा प्लास्टिकचा पडदा कड्यांसकट काढला, खांद्यावरून घेतला, एक टोक मागं सोडलं आणि बाहेर पडलो. पडदेवालीचा मुलगा आहे मी, पडदा कसा घ्यायचा ते मला कळतं. म्हटलं, राजासारखं चालायचं, म्हणजे हा प्रयोग माझाच होईल.

पटांगणात सगळे वाट बघतच होते. आधी हसले. मग कुणीतरी "बायल्या" म्हणालं आणि कुणीतरी पडदा ओढला.

पुढचं लिहीत नाही. लिहिण्यासारखं काही नाहीच. फोटो काढले, एवढंच. कपडे फाटकाजवळ पोत्यात होते. जाकीट आता धुऊन उपयोग नाही.

१ ऑक्टोबर

राखाडी स्वेटर घातला. बाबांचा जुना.

३ ऑक्टोबर

काही नाही.

६ ऑक्टोबर

स्वेटर. बुडायला सांगितलं, मी नाही म्हटलं, त्यांनी सोडून दिलं. शिट्टी सर म्हणाले, "आता शिस्त लागली तुला." म्हणजे उपाय लागू पडला. सगळं ठीक आहे.

आईनं नारिंगी रेशमाचा मोठा तुकडा बाजूला ठेवलाय. म्हटलं, उशीचे अभ्रे कर.

८ ऑक्टोबर

जेवताना बाबा म्हणाले, "रेडिओ लाव गं. घर खायला उठतंय." रेडिओ लावला. मग म्हणाले, "तू बोल ना रे काहीतरी." काय बोलायचं ते सुचलं नाही.

९ ऑक्टोबर

ठरलं. मी मामाकडे जातो. तिथल्या शाळेत तलाव नाही, आणि मी आधीपासूनच राखाडी म्हणून गेलो तर कुणाचं लक्षही जायचं नाही. मामा फोनवर म्हणाला, "ये की! मागची खोली रिकामी करून ठेवतो." आईनं मशीन थांबवलं, पुन्हा चालू केलं आणि शिवण तिरकी गेली. ती तिरकी शिवण घालताना मी कधी पाहिली नव्हती.

परीक्षा सतराला आहे. त्याआधीच निघावं म्हणतो. विटेला सांगणं भाग होतं, तिच्या वजनाचं दुसरं कुणी नाही. मी म्हटलं, "तुझी परीक्षा जाईल. सॉरी."

ती म्हणाली, "कधी चाललास?"

"सोळाला."

"तोपर्यंत तरावाला ये," म्हणाली, आणि लगेच "सरावाला," असं सुधारून लाल झाली. पोहण्याशिवाय हिच्या डोक्यात काही नसतंच. पण इतकं बोलली म्हणजे तिला पथकाचं फारच लागलेलं असणार. मला अपराधी वाटलं. जाईन म्हटलं.

१३ ऑक्टोबर

हे जसं झालं तसं लिहितो.

आम्ही सगळे खोल टोकाला पाण्यात कड धरून होतो. कॅप्टन पलीकडे नमुना म्हणून कुणालातरी वाचवून दाखवत होता आणि सर त्याच्याकडे बघत होते. सगळेच बघत होते. वीट काठावर बसून आपल्या पाळीची वाट बघत होती. माझा पाय कुणीतरी खालून धरला. वाटलं, मस्करी आहे, सोडेल. सोडला नाही. हात कडेवरून सुटला, मी मधे ओढला गेलो. नंतर पाय सुटला बहुतेक, पण मला वर-खाली कळेना. तोंड पाण्याबाहेर यायचं तेव्हा श्वास घेण्यातच वेळ जायचा, ओरडायला काही उरायचं नाही. मला ते सगळे दिसत होते. पाठी दिसत होत्या. मनात आलं की हे आपल्याला ठाऊक असलेल्या बुडण्यासारखं मुळीच नाही. आणि फार, फार भीती वाटली.

मग हनुवटीखाली हात आला.

काठावर मी खोकत होतो आणि सर ओरडत होते, पण तिच्यावर. शिट्टी वाजल्याशिवाय उडी मारायची नाही, हा इथला पहिला नियम. मागं एकदा कुणीतरी अशीच उडी मारली आणि खालच्याचं डोकं फुटलं, तेव्हापासून जो मारेल तो परीक्षेतून बाद. सरांनी मला विचारलं, "खरंच बुडत होतास, की तुझं नेहमीचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कॅप्टनही. त्याच्याशेजारी त्याचं शेपूट उभं होतं, तो सारखा मागेमागे असतो म्हणून त्याला शेपूट म्हणतात. त्याचे केस नुकतेच पाण्यातून वर आल्यासारखे निथळत होते. आणखी तीनच दिवस काढायचे होते.

मी म्हटलं, "नेहमीचं, सर."

सर विटेला म्हणाले, "बाद. पुढच्या वर्षी." तिनं चपला पायात घातल्या आणि तशीच निथळत गेली.

१४ ऑक्टोबर

सायकलींजवळ गाठलं तिला. म्हटलं, "तू सरांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? बुडत तू होतास."

"तुला कसं कळलं? मी ओरडलोसुद्धा नाही."

"म्हणूनच." ती कुलूप काढत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "तू खोटं बुडतोस तेव्हा चौकापर्यंत ऐकू जातं. काल आवाजच नव्हता."

मग ती एका दमात बोलली, असं तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तसा तू पडद्याच्या दिवसापासून गप्पच आहेस. मी रोज बघतेय. पाण्यात असतास तर केव्हाच उडी मारली असती. बाहेर कशी मारतात ते मला येत नाही. वाटलं, कुणीतरी शिट्टी वाजवेल. थांबायला नको होतं मी."

मला रडू आलं. भर सायकलींमध्ये, नाक गळेपर्यंत. तिनं टॉवेल काढून दिला. ओलसरच होता.

तिची परीक्षा मी घालवली, आणि ती मलाच सॉरी म्हणत होती.

१५ ऑक्टोबर

सकाळी आईला म्हटलं, नारिंगी रेशीम कुठंय? ती काही न विचारता उठली. अभ्रे केलेच नव्हते. शिवायला वेळ नव्हता, नुसताच तुकडा गळ्याभोवती गुंडाळून, दोन्ही टोकं मागं सोडून गेलो. बाबा बरोबर होते. त्यांनी फाटकाशी विचारलं, "आत येऊ?" मी म्हटलं, "तुमची लिफ्ट?" ते म्हणाले, "चुलीत गेली लिफ्ट." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, नको, इथंच थांबा, पण थांबा.

तलावावर सगळे जमले तेव्हा मी सरांच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, परवा मी खोटं बोललो. मी खरंच बुडत होतो. पाण्याखालून पाय धरला होता माझा. तिनं मला वाचवलं आणि तुम्ही तिला बाद केलंत." आवाज चिरकला, पण मोठा होता.

कॅप्टन म्हणाला, "नाटक करतोय, सर."

"माझं नाटक कसं असतं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय," मी म्हटलं. "फर्माईश करकरून पाहिलंय. परवा त्यातलं एक अक्षर तरी कुणाला ऐकू आलं?"

वर्गानं सवयीनं कॅप्टनकडे बघितलं, कॅप्टननं शेपटाकडे, आणि शेपूट आपल्या पायांकडे बघत राहिलं. मग म्हणालं, "मी लगेच सोडणार होतो, सर."

सरांनी विचारलं, "मग तू परवा खोटं का बोललास?"

"कारण मी शाळा सोडूनच चाललो होतो. म्हटलं, कशाला उगाच."

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. तिच्याशिवाय त्यांचा चेहरा म्हातारा दिसतो. म्हणाले, "मी तुमच्याकडे बघायला हवं होतं." मग विटेला म्हणाले, "सतराला ये." कॅप्टन आणि शेपटाला हेडमास्तरांकडे नेलं. जाताना कॅप्टन माझ्या कानाशी म्हणाला, "बघून घेईन." घेईलही. भीती वाटतेच, खोटं कशाला लिहू.

१७ ऑक्टोबर

मामाकडची गाडी काल होती. मी गेलो नाही. परीक्षेपुरता थांबतोय, असं सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही तसंच सांगितलं होतं.

विटेनं मला झटक्यात वाचवलं, पैकीच्या पैकी. मग अदलाबदल, आणि तिथं घोटाळा झाला. इतके दिवस आम्ही ही बाजू केलीच नव्हती, वीटच टाळायची. आज पाण्यात उतरताना कारण सांगितलं, "मला कुणी धरून ओढलेलं सोसत नाही. अंग आपोआप ताठ होतं."

झालंही तसंच. मी हनुवटीखाली हात घातला आणि ती लाकूड झाली. मान आखडलेली, पाय खाली. दोन हात पुढं गेलो नाही तोच दोघंही पाण्याखाली. शिट्टी वाजली. सर म्हणाले, "एकच संधी उरली. आणि झुंबर, वाचवणाऱ्यानं बोलायचं असतं. बुडणाऱ्याला धीर द्यायचा असतो."

पुन्हा खोल टोकाला गेलो. पुन्हा हात घातला. पुन्हा ती ताठ. तिचे ओठ पांढरे पडले होते. काठावर परीक्षा बघायला आलेले बाबा उभे होते, हातात पिशवी, आणि आई, गळ्यात मोजपट्टी तशीच. धीर कसा द्यायचा ते मला कुठं ठाऊक? जे तोंडात आलं ते बोलायला लागलो. म्हटलं, हे बघ, तू म्हणजे जाड अस्तराचा पडदा आहेस, असले पडदे जड लागतात पण पडतात झकास. म्हटलं, तुझा टॉवेल जन्मात कधी वाळलाय का गं? म्हटलं, पथकात गेलीस की तुमच्या त्या भिकार टोप्या मी बदलून देणार, नारिंगी करणार, नाही म्हणायचं नाही. तिच्या घशातून काहीतरी आवाज आला. हसली की पाणी गेलं, कळलं नाही. मी घाबरून थांबलो.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "बोलत राहा."

मग मी सांगितलं की घरी गेलो की मामाला फोन करायचाय. त्यानं माझ्यासाठी मागची खोली रिकामी केलीय, बिचाऱ्यानं कपाट एकट्यानं हलवलं. त्याला म्हणायचंय की सामान परत आत टाक, मी येत नाही, मला इथंच राहायचंय. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि ते सांगत असतानाच तिची मान सैल झाली, पाय वर तरंगत आले, आणि तिचं सगळं वजन माझ्या हातावर आलं. माझ्याइतकंच होतं ते.

काठ आला तेव्हाही मी बोलतच होतो.